बायचा उजवा हात

बायचे दोन हात दोन वेगवेगळ्या बायकांचे असावेत, असं मला नेहमी वाटायचं. उजव्या हातात घास आणि डाव्या हातात काठी, अशी ती रोज संध्याकाळी साडेपाचला आमच्या गोदामाच्या फाटकातून आत यायची. उजवा हात खायला घालायचा, डावा मारायचा, आणि त्या दोघांचं आपसात कधी भांडण झालं नाही. तीन कुत्री त्या दोन हातांवर जगत होती. कुलूप, कडी आणि कोयंडा. नावं तिनंच ठेवलेली. का म्हणून विचारलं तर म्हणाली, "गोदामाला दुसरा काय लागतो?"

मी तेव्हा बी.कॉम. होऊन अंजूरजवळच्या त्या कापडाच्या गोदामात चलनं लिहायला लागले होते. आमचं घर भिवंडीत, जुन्या आळीत. घरात आजोबांपासून सगळे कारकून नाहीतर मास्तर. कुत्र्याशी आमचा संबंध म्हणजे ते दिसलं की रस्ता बदलायचा. त्यातून मी तोंडाची फटकळ आणि मनाची भित्री. गोदामात लागले त्या काळात मोबाईल नुकते शेठ लोकांच्या हातात आले होते, अंजूरची भातशेतं एकेक करून पत्र्याखाली चालली होती, आणि ज्यांची शेतं होती तीच माणसं गोदामांवर कामाला येत होती. बाय त्यातलीच. आमचं ऑफिस जिथं होतं तिथं तिच्या सासऱ्याचं खळं होतं म्हणे. त्या खळ्यावर कुत्री राखायचं शिक्षण तिला सासऱ्याकडून मिळालेलं. साठीची काळीसावळी बाई, गुडघ्यापर्यंत आगरी पद्धतीचं लुगडं, अंगाने काटक. गावात सगळ्यांची बाय, म्हणून आमचीही बाय. ट्रकवाले पाठीमागे मिरचीबाय म्हणायचे.

ते का म्हणायचे, हे मला चौथ्या दिवशी कळलं. मी लागायच्या आधी शेजारच्या गोदामावर दोन मोठी विलायती कुत्री होती. कुणीतरी भिंतीवरून विष घातलेलं मटण टाकलं, कुत्री सकाळी मेलेली सापडली आणि आतले कापडाचे तागे गायब. त्या धसक्यानंच आमच्या शेठनी बायला बोलावलं होतं. तिची अट एकच होती. कुत्री तिच्या हातचं खातील, दुसऱ्या कुणाच्या नाही. देव आला तरी नाही. आणि हे शिकवायला गोदामात येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसानं एकदा तरी कुत्र्याला घास द्यायचा, असा तिचा रिवाज होता. हमाल असो, ड्रायव्हर असो, नाहीतर माझ्यासारखी नवी आलेली कारकून.

"ए लिवनारी, हिकडं ये," तिनं हाक मारली. "हा घे. कडीला दे."

कडी तेव्हा जेमतेम सहा महिन्यांची होती. मला वाटलं, ओळख करून देतेय बिचारी. मी तर भीतीनं अर्धी झाले होते. घास लांबूनच पुढे केला.

"आसा न्हाय. गोड बोलून दे. चोर काय शिव्या देत येतो?"

मी आपली "ये गं, ये गं बाळा" म्हणाले. कडी आली, शेपटी हलवत आली, आणि माझ्या तळहातावरून तिनं अगदी हळूच घास उचलला. त्या घासात हिरव्या मिरचीचा ठेचा भरला होता. ती किंचाळली, आणि त्याच क्षणी बायची काठी तिच्या पाठीत बसली. एकदा नाही, तीनदा. काठी बायची होती, पण कडीनं पाहिलं माझ्याकडे.

मी ऑफिसात जाऊन रडले. मग बाहेर येऊन तिला वाट्टेल ते बोलले. राक्षसीण म्हणाले, अजून काय काय म्हणाले. तिनं सगळं ऐकून घेतलं, लुगड्याला हात पुसला आणि म्हणाली, "तुज्या हातचा मार आज खाल्ला, तिचा चोराच्या हातचा मरन चुकला. माया दाखवाची आसंल त घरी मांजर पाल." माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. दोन महिने मी तिच्याशी बोलले नाही. तिला त्याचं काही सोयरसुतक नव्हतं.

खायला घालणं हा तिचा सोहळा असायचा. तांदळाच्या भाकऱ्या, सुक्या बोंबलांच्या डोक्यांचा रस्सा, आठवड्यातून दोनदा खाटकाकडची वजडी हळद टाकून शिजवलेली. हे सगळं पातेल्यात घेऊन ती दगडावर बसायची. पातेलं कधी कुत्र्यापुढं ठेवायची नाही. जमिनीवर पडलेलं अन्न चोराचं, असं तिनं त्यांना शिकवलं होतं. घास उजव्या हातानं कालवायची, बोटांनी चाचपून काटे काढायची, आणि एकेकाला नाव घेऊन भरवायची. नाव न घेता कुणी पुढं आलं की डावा हात उठायचा. तेवढ्या वेळात गोदामाचा गलका जरा थांबायचा. हमालसुद्धा विडी ओढत बघत बसायचे. मी खिडकीतून बघायचे, रागारागानं का होईना, पण बघायचे.

दुसऱ्या गोष्टींतही तिची दयामाया अशीच. पावसात कुत्र्यांना खरूज झाली, तेव्हा ट्रकचं जळकं ऑईल आणून तिनं तिघांना कानापासून शेपटीपर्यंत माखलं. कुत्री चटका लागून लोळायची, बाय वर पाय देऊन उभी. गोचिड्या मात्र तासन् तास बसून काढायची, कानाच्या आतल्यासुद्धा, आणि एकेक नखावर चिरडायची. कोयंड्यानं एकदा उंदीर खाल्ला. गोदामात उंदरांना औषध घातलेलं असायचं, म्हणजे तो उंदीर विषारी असण्याचाच संभव. बायनं त्याचा जबडा उघडून मिठाचं पाणी ओतलं, उलटी होईपर्यंत ओतलं. तो वाचला. मग तिनं दुसरा मेलेला उंदीर सुतळीनं त्याच्या गळ्यात बांधला आणि तीन दिवस ठेवला, भर उन्हात. वास मला ऑफिसात यायचा. तोंडाला रुमाल लावून मी चलनं लिहिली. पुन्हा कोयंड्यानं उंदराकडे बघितलंही नाही.

आमचे वॉचमन पांडेजी जौनपूरकडचे. रोज बघून बघून कुत्र्यांची पांडेजींशी ओळख झाली होती, पण हातचं खाणं नाही. ते म्हणायचे, "माताजी कुत्ता नहीं, फौज पालती हैं।" मी म्हणायचे, "फौजेला सुद्धा रविवारची सुट्टी असते, पांडेजी."

मग एके दिवशी सकाळी कामावर आले तर फाटकाशी सगळे जमलेले. भिंतीच्या आतल्या बाजूला मटणाचे सात-आठ तुकडे पडले होते. एकालाही तोंड लागलेलं नव्हतं. तिन्ही कुत्री लांब, आपापल्या जागी बसलेली. आणि तुकड्यांच्या आसपास चार कावळे मरून पडले होते, चोची उघड्या. बायला बोलावून आणलं. तिनं कावळे पायांना धरून उचलले, मागच्या अंगाला खड्डा करून पुरले, मटणही पुरलं. शेठ लुगडं देतो म्हणाले तर नको म्हणाली. जाता जाता माझ्या खिडकीशी थांबली. काहीतरी टोमणा मारणार असं वाटलं. ती फक्त म्हणाली, "कडीच्या जाग्याला कावले गेले." मी उठून तिला चहा आणून दिला. त्या दिवसापासून आमचं जमलं. राग गेला असं नाही, राग होताच, पण तिच्या शेजारी दगडावर बसायला मी लागले. भाकरीचे तुकडे करून तिच्या हातात द्यायचे. घास मात्र तिचाच.

चार-पाच वर्षं अशी गेली. आणि मग त्या वर्षी पितृपक्षात, मासळी निवडता निवडता बाय ओट्यावरून खाली पडली. अर्धांगवायू. उजवी बाजू गेली. तिच्या मुलानं टेम्पोत घालून ठाण्याला दवाखान्यात नेलं.

साडेपाच वाजले. कुत्री फाटकाकडे तोंड करून बसली. सहा वाजले, सात वाजले. पांडेजींनी भाकरी पुढे केली तर कुलूप गुरगुरला. कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं बघा, की ही बाई माणूस आहे आणि माणूस आजारी पडतं! पाच वर्षं आम्ही तिचं कौतुक केलं, शेठ चार लोकांना आणून दाखवायचे, आणि हा एवढा साधा प्रश्न शिकलेल्या-सवरलेल्या एकालाही पडला नाही.

दुसऱ्या दिवशी शेठनी मटण आणवलं. कुत्र्यांनी वास घेतला, मागे सरकली. परक्याच्या हातचं मटण म्हणजे मार, हे त्यांना माहीतच होतं. मी तिच्या सुनेकडून तिचं लुगडं मागून आणलं, अंगाला गुंडाळलं, तिच्याच पातेल्यातून घास कालवला. कडी दोन पावलं पुढं आली. माझ्या हाताचा वास घेतला आणि थरथर कापायला लागली. लाळ गळत होती, आणि ती कापत होती. मी गोड बोलले, रडले, शेवटी चिडून तिच्या अंगावर ओरडले. पाचव्या दिवशी जनावरांचा डॉक्टर आला. तोंडाला दोरी बांधून सलाईन लावायला गेला तर कुलूपनं त्याची पँट फाडली. पितृपक्ष असल्यामुळे आजूबाजूचे लोक भिंतीशी केळीच्या पानावर वाढून जात होते, कावळ्याला आणि कुत्र्याला. वडे, खीर, भात. भिंतीपलीकडची मोकाट कुत्री त्यावर तुटून पडायची आणि आमची तिन्ही अलीकडून नुसती बघायची. पाणी तेवढी पीत होती. पाण्याला तिनं कधी मनाई केली नव्हती.

शेठ म्हणाले, "मरत असली तर मरू देत, दुसरी आणू." मग स्वतःच म्हणाले, "पण शिकवणार कोण?"

सातव्या दिवशी मी ठाण्याला गेले. बाय खाटेवर होती, तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात चादरीवर परक्याची वस्तू ठेवावी तसा ठेवलेला. बोलणं जड झालं होतं पण कळत होतं. मला बघून पहिला प्रश्न, "खाल्ला?"

"नाही."

"कुनाच्याच हातचा न्हाय?"

"कुणाच्याच नाही, बाय. सात दिवस."

तिचा अर्धा चेहरा हसला. खरं सांगते, हसला! मला वाटलं हिच्या थोबाडीत द्यावी, आजारी असो नाहीतर काही असो. "मरतील ती," मी म्हणाले. "कोयंडा उठत नाहीये. तुला कळतंय का?"

"कलतंय," ती म्हणाली. डाव्या हातानं अंगावरची चादर ओढली. मग म्हणाली, "मना गोदामाव ने."

डॉक्टर सोडेनात, मुलगा ऐकेना. दोन दिवस त्यात गेले. नवव्या दिवशी सकाळी कोयंडा मेला. सगळ्यांत थोरला तोच होता. पांडेजींनी त्याला मागच्या अंगाला पुरला. त्याच दिवशी दुपारी मुलानं कागदावर सही करून बायला घरी आणली आणि चार वाजता सून तिला रिक्षातून गोदामावर घेऊन आली.

आम्ही तिला खुर्चीवर बसवलं. कोयंडा कुठं आहे हे तिनं विचारलं नाही. दोन कुत्री बघितली, पुरतं समजली. कुत्री मात्र वेड्यासारखी झाली होती, सरपटत तिच्या पायाशी आली. मी घास कालवून दिला. तिनं तो डाव्या हातात घेतला, दुसरा हात उचलतच नव्हता ना, आणि पुढे केला.

दोघंही मागे हटली. पोट जमिनीला लावून, कान पाडून. तो काठीचा हात होता. पाच वर्षं त्या हातानं फक्त मारलं होतं. बाय "कडी" म्हणाली, "कुलूप" म्हणाली. जीभ जड, नावंही नीट उमटेनात. तिनं घास आणखी पुढे केला आणि कुत्री डोळे मिटून मार पडायची वाट बघत होती. त्या क्षणी तिचा चेहरा मी बघितला. देव करो आणि तसा चेहरा पुन्हा बघायची वेळ न येवो.

मग तिनं घास मांडीवर ठेवला. डाव्या हातानं आपला उजवा हात मनगटाला धरून उचलला, गुडघ्यावर उताणा ठेवला, बोटं एकेक करून उघडली आणि तो घास त्या मेलेल्या तळहातावर ठेवला.

कडी झेपावलीच. नऊ दिवसांची भूक! घासाबरोबर तिनं बोटंही तोंडात घेतली. कुलूपही घुसला. दातांचा आवाज आला, रक्त आलं, लुगड्यावर ओघळ लागला. मी किंचाळून पुढं झाले तर बायनं डाव्या हातानं मला ढकललं.

"खाऊं दे," ती म्हणाली. "मना काय कलत न्हाय."

तिनं सगळं पातेलं तसंच भरवलं. मी घास देत होते आणि ती त्या फाटक्या हातावर ठेवून घेत होती. सून भिंतीशी तोंड करून ओकत होती.

चार टाके पडले. रोज हे चालणं शक्यच नव्हतं. सून चांगली होती बिचारी, सासूचं सगळं करायची, पण ती माझ्यावर भडकली. "रोज रोज हात फाडून घ्याचा काय? तुमचा गोदाम हाय, तुम्ही बघा." तिचं खरंच होतं. बाय सगळं ऐकत होती. दुसऱ्या दिवशी रिक्षातून उतरताच तिनं मला बोलावलं.

"तुजा हात दे."

तिच्या पट्टी बांधलेल्या हाताखाली तिनं माझा हात ठेवायला लावला. घास वरच्या हातावर, खाली माझा. कुत्री खायला लागली. दर संध्याकाळी ती आपला हात मनगटाला धरून जरासा मागे ओढायची. आधी माझी बोटं बाहेर आली, मग अर्धा तळवा. बाराव्या दिवशी तिचा हात नुसता माझ्या मनगटावर टेकलेला होता आणि कडीनं माझ्या तळहातावरून घास उचलला. कुलूपनंही. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! मी बायच्या गळ्यात पडले. म्हटलं, "झालं बाय, वाचली!"

"आजून आर्धा बाकी हाय," ती म्हणाली. "आता दोन हातचा खातात. दोन हात न्हाय चालत. आज मी हाय, उद्या माज्या घरचा लुगडा नेसून कोनीबी येल. तू न्हाय का नेसलीस? एकच हात पायजे."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी उठूनच उभी राहिले. तिनं सुनेकडून पिशवीतली ठेच्याची डबी घेतली, स्वतः डाव्या हातानं एक घास भरला आणि आपल्या उजव्या तळहातावर ठेवला. काठी माझ्या हातात दिली.

"नाही," मी म्हणाले. "मी नाही मारणार. तुझ्या हातचं खाल्लं म्हणून मी त्यांना मारू?"

"मंग उपाशी मार," ती म्हणाली. "नायतर चोराच्या हातानं मार. तुना काय बरा वाटंल तां कर." आणि तिनं कडीला हाक मारली.

कडी विश्वासानं गेली. का नाही जाणार? तिनं तो हात चाटला, घास घेतला आणि किंचाळली. बायनं माझ्याकडे बघितलं. मी काठी मारली. हळू मारली, तर ती ओरडली, "जोरानं! तिला कलला पायजे." मी जोरानं मारली. कडीनं माझ्याकडे पाहिलं नाही, बायकडे पाहिलं, आणि बायनं नजर हटवली नाही. मग मी माझ्या हातानं तिला साधी भाकरी भरवली. मारणारी मी आणि भरवणारीही मीच, दोन्ही हात माझेच. मला स्वतःची किळस आली.

कुलूप दोन संध्याकाळीत शिकला. कडीला चार लागल्या. तीन दिवस ती मार खाऊनही बायच्याच हाताकडे जायची, चाटायची आधी, मग घास घ्यायची. मी मारताना रडत होते, आणि बाय मला मधूनमधून सांगत होती, "नीट धर काठी."

चौथ्या दिवशी बायनं घासात काही भरलं नाही. साधी भाकरी, बोंबलाचा रस्सा. तळहातावर ठेवली आणि हाक मारली. "कडी." आवाज आता बराच सुधारला होता, नाव स्पष्ट आलं. कडीनं हाताकडे बघितलं. वास सगळ्या अंगणात पसरला होता. ती उठली, बायला वळसा घालून माझ्यासमोर येऊन बसली.

बायनं पुन्हा हाक मारली. पुन्हा मारली. कडीनं कान सुद्धा हलवला नाही.

"तू घाल," बाय मला म्हणाली. मी घातलं. कडीनं खाल्लं.

बाय खुर्चीत बसून बघत होती. उजव्या तळहातावरची भाकरी तशीच होती. तिनं ती डाव्या हातानं उचलली, तोंडात घातली आणि ओढलेल्या तोंडानं सावकाश चावून खाल्ली. मग सुनेला म्हणाली, "चल गो, रिक्षा बोलाव. आता माजा हितं काय काम न्हाय."

त्यानंतर ती दीड वर्ष जगली, अंजूरमध्ये, गोदामापासून हाकेच्या अंतरावर. मी अधूनमधून जायचे. तिथं आम्ही पावसाचं बोलायचो, तिच्या नातवाच्या शाळेचं बोलायचो, कुत्र्यांचं तिनं कधी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. गोदामावरच्या तिच्या त्या शेवटच्या संध्याकाळी मात्र मी तिला रिक्षापर्यंत पोचवायला निघाले होते, आणि तिनं मला परत पाठवलं, कुलूपचं खाणं अर्धं राहिलं होतं म्हणून. मी परत दगडावर येऊन बसले. रिक्षा सुरू झाली, फाटकातून वळली. कडी माझ्या उजव्या हाताकडे बघत बसली होती. रिक्षाकडे तिनं एकदाही मान वळवली नाही. आम्हीच शिकवलं होतं तिला तसं.